विनोद लोकांच्या धैर्यावर करावा की सरकारी बंदोबस्तावर?

साताऱ्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दिवाळीनंतर भरणार असून त्यात त्यांना बारा मिनिटांचे विनोदी सादरीकरण करायचे आहे. विषय त्यांनी मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांवरून घेतला आहे: देशावर हल्ल्याचे सावट आले की कोणता देश कसा वागतो. इंग्रज चहाचे आधण ठेवतो, फ्रेंच पांढरे निशाण शोधतो, जर्मन आधी अर्जाचा नमुना छापतो, स्विस तळघरात जाऊन आतून कडी लावतो, इटालियन नुसते हातवारे करतो, अशी ती यादी आहे. काही सहकारी ती ऐकून खूप हसले; काहींनी मात्र ‘हे कुणाच्या तरी मनाला लागेल’ असे बजावले. शिवाय श्रोत्यांत दहा-बारा माजी सैनिक असणार आहेत. तेव्हा हे सादर करावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगलीचा असून गेली सव्वीस वर्षे एकपात्री विनोदी कार्यक्रम करतो. गणेशोत्सव, यात्रा, स्नेहसंमेलने, साखर कारखान्यांचे वर्धापनदिन असे बहुतेक कार्यक्रम सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच होतात. आपण निवडलेला विषय माझ्याही संहितेत अनेक वर्षे आहे आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक ओळ मी एकदा तरी बदललेली आहे. माझे मत असे की, आपण हे अवश्य सादर करावे. आपली खरी अडचण मला वेगळीच दिसते. आपल्याजवळ आज स्वभावांची यादी तयार आहे, पण तिच्यातून विनोद अजून घडायचा आहे. ‘फ्रेंच भित्रा असतो’ हे वाक्य कितीही रंगवून म्हटले तरी ते एक मतच राहते. ज्यांना ते आधीपासून पटलेले आहे ते हसतात आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसतात.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण याबाबत सरसकट नियम नाही. पहिली गोष्ट काळाची. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि त्याच दिवशी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत रंगीत तालीम ठरलेली होती. त्याच आठवड्यात तासगाव तालुक्यातील एका गावी यात्रेनिमित्त माझा कार्यक्रम होता. ज्या मंडळाने बोलावले होते त्याच्या चिटणिसांचा मुलगा रजा अर्धी टाकून आदल्या रात्री आपल्या युनिटकडे परत गेला होता, आणि चिटणीस मला स्टेजमागे पाण्याची बाटली देताना एकसारखे मोबाईलकडे पाहत होते. मी हा भाग त्या दिवशी संपूर्ण वगळला आणि त्यानंतरचे चार महिने तो कुठेही केला नाही. आपल्या मेळाव्याच्या आसपास असे काही घडले, तर दुसरा विषय हाताशी ठेवावा. दुसरी गोष्ट बोलणाऱ्याची. आपण शिक्षक आहात. आपले विद्यार्थी आपले म्हणणे विनोद म्हणून ऐकतात आणि माहिती म्हणूनही लक्षात ठेवतात. एखाद्या नकलाकाराने सांगितलेली चुकीची गोष्ट मंडपातच विरते, पण शिक्षकाने सांगितलेली पुढे वीस वर्षे चालते.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर तिच्यात आहे. २००८ सालच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील एका गावात माझा कार्यक्रम होता. सैनिकांचे गाव म्हणून अपशिंग्याइतके त्याचे नाव झालेले नसले, तरी घरटी एक माणूस फौजेत असावा असे ते गाव होते. मी तेव्हा फ्रेंचांच्या शरणागतीचे चार विनोद ओळीने सांगत असे. मागे उभी असलेली पोरे हसली, शिट्ट्या झाल्या. पहिल्या दोन रांगा मात्र गप्प राहिल्या. कार्यक्रम संपल्यावर मी माईकची वायर गुंडाळत असताना सत्तरीचे एक निवृत्त सुभेदार जवळ आले. पांढरा फेटा, पायांत पॉलिश केलेले बूट. त्यांनी माझ्या हातातली वायरची दुसरी बाजू धरली आणि ती पीळ न पडता गुंडाळायला मदत करता करता शांतपणे विचारले, ‘पाव्हणं, कूत म्हाईत हाय का?’ मला माहीत नव्हते. ते म्हणाले, ‘माझा आजा तिथं हुता. उपाशी हुता, पर लढत हुता. हत्यार खाली ठिवा, असं साहेबानं सांगितलं, आजानं न्हवं.’ एवढेच बोलून त्यांनी वायरचे वेटोळे माझ्या हातात दिले आणि ते निघून गेले.

घरी येऊन मी शोध घेतला. कूत-अल-अमारा हे मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, तैग्रिस नदीच्या काठचे गाव. पहिल्या महायुद्धात इंग्रज जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेच्या सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्की फौजेने तेथे डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. अन्न संपत गेले, सुटकेसाठी निघालेल्या फौजा पोहोचू शकल्या नाहीत आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे बंदिवासात त्यांतील हजारो जण मेले. म्हणजे ज्या शरणागतीची आठवण सातारच्या एका घरात तीन पिढ्या जपली गेली, तिचा आदेश एका इंग्रज सेनापतीने दिला होता. आणि मी त्याच गावात जाऊन इंग्रज कसा चहा पीत निश्चल बसतो आणि फ्रेंच कसा हात वर करतो, हे सांगत होतो. फ्रेंचांविषयीही मला धड काही ठाऊक नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांचे सुमारे १४ लाख सैनिक मारले गेले. व्हर्दूनची एकच लढाई १९१६ मध्ये दहा महिने चालली आणि ते मागे हटले नाहीत. १९४० मध्ये त्यांचा पराभव सहा आठवड्यांत झाला हे खरे, परंतु त्या सहा आठवड्यांतही त्यांचे ५० हजारांहून अधिक सैनिक पडले. इटालियनांच्या बाबतीतही तेच. १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरात त्यांनी जवळजवळ आठ आठवडे निकराने लढा दिला. समोर ज्या पलटणी चढाई करीत होत्या त्यांत मराठेही होते, आणि अशा घरांतील माणसे आपल्या मेळाव्यातही पुढच्या रांगेत बसलेली असू शकतात.

तेव्हापासून मी एक बंधन पाळतो. कोणत्याही देशाच्या लोकांच्या धैर्यावर मी विनोद करीत नाही. त्यांच्या बंदोबस्तावर करतो. धोक्याचे मोजमाप करण्यासाठी सरकारे जी भाषा, जे रंग, ज्या पायऱ्या आणि जी पत्रके तयार करतात, त्यांत हशाच्या जागा इतक्या आहेत की, भित्रेपणाच्या विनोदांची आठवणही होत नाही. त्यासाठी माहिती मात्र खरी हवी.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर मार्च २००२ मध्ये तेथील सरकारने धोक्याची पाच रंगांची पट्टी जाहीर केली: हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी, लाल. ही पट्टी २०११ पर्यंत चालली आणि त्या नऊ वर्षांत देशपातळीवर हिरवा किंवा निळा रंग एकदाही लागला नाही. ब्रिटनने ऑगस्ट २००६ पासून आपल्या पाच पातळ्या लोकांसमोर जाहीर करायला सुरुवात केली. त्यांचा अर्थ मराठीत कमी, मध्यम, लक्षणीय, तीव्र आणि अतितीव्र असा करता येईल. तेथेही मुख्य पातळी ‘लक्षणीय’च्या खाली उतरलेली नाही. एक देश उघडपणे घाबरणारा आणि दुसरा मनातले चेहऱ्यावर न दाखवणारा, असे आपण समजतो. प्रत्यक्षात दोघांनी पाच पायऱ्यांची शिडी बांधली आणि दोघांच्याही खालच्या दोन पायऱ्यांना पाय लागला नाही. मी स्टेजवर एवढेच सांगतो आणि थांबतो. श्रोते स्वतःच म्हणतात की, मग त्या पायऱ्या केल्या कशाला! हा हशा कोणत्याही माणसाला हीन लेखत नाही, आणि तो उसना आणलेल्या विनोदापेक्षा मोठा येतो असा माझा अनुभव आहे. याला जोडून फेब्रुवारी २००३ ची हकीकत सांगता येते. त्या वेळी अमेरिकी अधिकाऱ्यांनी रासायनिक हल्ल्याच्या भीतीने घरात प्लास्टिकचे कापड आणि चिकटपट्टी ठेवण्याचा सल्ला दिला आणि अनेक शहरांतील दुकानांतून चिकटपट्टी नाहीशी झाली. आपल्याकडे महापुराची बातमी आली की मेणबत्त्या आणि बिस्किटांचे पुडे जसे नाहीसे होतात, तसेच हे आहे, असे म्हटले की श्रोत्यांना अमेरिका एकदम शेजारी वाटू लागते.

स्वित्झर्लंडवर मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण तेथे प्रतिमा आणि वस्तुस्थिती एकमेकींना धरून चालतात. १९६३ च्या कायद्यापासून तेथे नव्या घरांबरोबर आसऱ्याची सोय करणे बंधनकारक झाले आणि आज देशातील एकूण माणसांना पुरतील इतक्या जागा आसऱ्याच्या तळघरांत आहेत. शांततेच्या काळात त्या तळघरांत लोक बटाटे, द्राक्षमद्य आणि जुने सामान ठेवतात. ल्यूसर्न शहराजवळ झोननबर्ग नावाचा महामार्गाचा बोगदा आहे. १९७६ मध्ये तो २०,००० लोकांचा आसरा म्हणूनही बांधून पूर्ण झाला. त्याचे दरवाजे दीड मीटर जाडीचे. १९८७ मध्ये तेथे मोठी रंगीत तालीम झाली, तेव्हा त्या अवजड दरवाजांपैकी एक नीट बंदच झाला नाही. हा प्रसंग मी सावकाश सांगतो: आधी काँक्रीटची जाडी, मग माणसांची संख्या, मग आतील व्यवस्था, आणि सगळ्यात शेवटी दार. इतकी नीटनेटकी तयारी आणि शेवटी कडी लागत नाही, हे ज्याने लग्नकार्याचा मांडव घातला आहे त्या प्रत्येकाला कळते. येथेही स्विस माणूस मूर्ख ठरत नाही. किंबहुना तालीम घेतली म्हणून दोष सापडला, हे मी हशा ओसरल्यावर आवर्जून सांगतो आणि माजी सैनिक तेथे मान डोलावतात.

इंग्रजांच्या शांतपणाविषयी एक गोष्ट आपल्याला उपयोगी पडेल. ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ अशा अर्थाचे, राजमुकुटाचे चित्र असलेले जे भित्तिपत्रक आज चहाच्या कपांवर आणि टी-शर्टवर दिसते, ते १९३९ मध्ये सुमारे २५ लाख प्रतींत छापले गेले होते. पण ते कठीण प्रसंगासाठी राखून ठेवले गेले आणि युद्धात लोकांसमोर जवळजवळ आलेच नाही. पुढे २००० साली उत्तर इंग्लंडमधील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याची एक प्रत सापडली आणि तेथून ते जगभर गेले. ज्या पत्रकाकडे बोट दाखवून आपण इंग्रजांचा स्वभाव सांगतो, ते त्या इंग्रजांनी बहुधा पाहिलेही नव्हते. त्यांनी प्रत्यक्षात केले ते असे: सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले, भुयारी रेल्वेच्या स्थानकांत मुक्काम करू देण्यास सरकारचा विरोध होता, तेव्हा लोकांनी तिकिटे काढली, अंथरुणे घेऊन खाली गेले आणि वर आलेच नाहीत. सरकारला अखेर नमते घ्यावे लागले. हे मला कोणत्याही चहाच्या विनोदापेक्षा अधिक जिवंत वाटते.

आपल्याकडेही अशीच एक प्रतिमा आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून काही म्हणायचे आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या. तेव्हापासून ‘मुंबईचे स्पिरिट’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. माझा धाकटा भाऊ त्या वेळी बोरिवलीला राहत होता. दुसऱ्या दिवशी लोकल पकडताना त्याच्या मनात काय होते, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘दादा, खाडा झाला असता तर पगार कापला असता.’ त्याच्या धैर्याविषयी मला शंका नाही, परंतु त्याच्या नाइलाजाला स्वभाव म्हणून गौरवण्याचा अधिकारही मला नाही. दुसऱ्या देशाचा ‘स्वभाव’ सांगताना असाच कुणाचा तरी नाइलाज आपण हसण्यावारी नेत नाही ना, हे मी प्रत्येक ओळीमागे तपासतो.

संकटात सापडलेल्यांनी स्वतः केलेला विनोद मात्र निःशंकपणे सांगावा. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला, तेव्हा आपली विमाने बॉम्ब टाकत नसून उपाशी फिन लोकांना अन्न पुरवत आहेत, असा दावा परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी केला होता. फिन लोकांनी त्या बॉम्बना ‘मोलोटोव्हची पावाची टोपली’ असे नाव दिले, आणि रणगाड्यांवर फेकण्याच्या पेटत्या बाटल्यांना, त्या पावाबरोबर घ्यायचे पेय म्हणून, ‘मोलोटोव्ह कॉकटेल’ असे म्हटले. ते नाव आजही जगभर चालते, पण त्याच्या मुळाशी असलेली थट्टा फार थोड्यांना माहीत असते. मी ही हकीकत प्रथम सांगितली तेव्हा पुढच्या रांगेतील फौजी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सैनिक विनोदाला घाबरत नाहीत. बराकीतला विनोद आपल्या स्टेजवरच्या विनोदापेक्षा कितीतरी तिखट असतो. बाहेरच्या माणसाने सुरक्षित जागी उभे राहून त्यांच्या धंद्यातील मरणाला हलके केले, तर ते त्यांना सहन होत नाही.

आता मांडणीविषयी थोडे. सुरुवात परदेशापासून करू नये. आधी घरची शिडी उभी करावी, म्हणजे पुढे इतरांच्या शिड्या पाहण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. मी सांगलीत आयर्विन पुलापासून सुरू करतो. कृष्णेची पातळी तेथे फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. माझ्या संहितेतील ओळी अशा आहेत: ‘३० फूट: कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, असे विचारून सांगलीकर भडंगाची पुडी सोडतो. ३५ फूट: तो सहकुटुंब पुलावर जाऊन पाणी पाहतो आणि मिरजेच्या पाहुण्यांना फोटो पाठवतो. ४० फूट: अलमट्टी धरणाचा विषय निघतो. ४५ फूट: २००५ ला पाणी कुठवर आले होते, ती खूण तो भिंतीवर दाखवतो. ४८ फूट: दुकानातला माल माळ्यावर जातो, मालक मात्र गल्ल्यावरच बसून राहतो.’ यात पायरी वाढते तसा धोका वाढतो आणि माणूस मात्र आपल्या सवयीच्या बाहेर येत नाही. सगळा हशा या दोहोंतील वाढत्या अंतराचा आहे. ही रचना एकदा हाती आली की अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तिच्यात आपोआप बसतात, आणि श्रोत्यांना कळते की धोक्यापुढे सगळीच माणसे आपापल्या सवयीला धरून बसतात.

बारा मिनिटांत चारपेक्षा जास्त देश घेऊ नयेत. परक्या उच्चारांची नक्कल टाळावी. तिने पहिला हशा मिळतो आणि मग माहिती कुणी ऐकत नाही. शेजारच्या ज्या देशांशी आपल्या सैनिकांचा प्रत्यक्ष सामना होतो, त्यांना या यादीत घेऊच नये, कारण तेथे श्रोत्यांच्या मनात विनोदाला जागा नसते आणि ती असावी असा आग्रह आपण धरू नये. मेळाव्याच्या आधी संपूर्ण संहिता एखाद्या माजी सैनिकाला वाचून दाखवावी आणि तो कुठे हसला यापेक्षा कुठे त्याने नजर खाली घातली, याची नोंद करावी.

साताऱ्यासाठी आयर्विन पूल चालणार नाही, तेव्हा आपली शिडी आपण तयार करावी. पाटण भागातील मंडळींना कोयनेच्या परिसरातील भूकंपाच्या लहान धक्क्यांची सवय आहे. फळीवरची कोणती भांडी वाजली त्यावरून तेथील माणसे धक्क्याचा अंदाज बांधतात, हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि वाटी, तांब्या, पातेले, पिंप अशी ती शिडी छान उभी राहील. फक्त ती कोणत्या पायरीवर थांबवायची हे आधी ठरवावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात तेथे सुमारे १८० माणसे गेली, आणि त्या रात्री ज्यांना आईने अंगणात ओढून आणले होते ते आज साठी ओलांडून आपल्या मेळाव्यात बसलेले असतील. मी स्वतः सांगली शहरात ४८ फुटांवर थांबतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि मारुती चौकातील ज्या मंडपात मी दरवर्षी कार्यक्रम करतो, तेथे समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी त्या रात्री गच्चीवर काढल्या आहेत.